निसर्गसंपत्तीची खतावणी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘नैसर्गिक साधनसंपत्ती आणि तिचे वर्गीकरण’ असे मी सांगितले. ते ऐकून त्यांचा चेहरा जरासा उतरला. त्यात त्यांचा दोष नाही. हे शब्द ऐकले की आपणा सर्वांना शाळेतला भूगोलाचा तास आठवतो. फळ्यावर आखलेला तक्ता, एका रकान्यात ‘अक्षय’, दुसऱ्यात ‘क्षय पावणारी’. सूर्यप्रकाश इकडे, कोळसा तिकडे. परीक्षेपुरते पाठ करावयाचे आणि दिवाळीच्या सुटीत विसरून जावयाचे. असल्या विषयासाठी वैशाखाच्या उकाड्यात घरून निघून येथे येऊन बसण्याचे आपणांस काही कारण नाही. म्हणून मी विषय तोच ठेवला, पण त्याला नाव दुसरे दिले : निसर्गसंपत्तीची खतावणी.

खतावणी म्हणजे काय, हे या गावातील व्यापारी मंडळींना सांगावयास नको. दिवसभराचे जमाखर्च रोजकीर्दीत उतरतात. परंतु धंद्याची खरी स्थिती कळते ती खतावणीवरून, कारण तेथे प्रत्येक रक्कम तिच्या तिच्या खाती पडते. दुकानातील फर्निचर विकून आलेले पैसे जर कारकुनाने विक्रीच्या खाती जमा केले, तर त्या वर्षी नफा उत्तम दिसेल. मालक खूश होईल, पेढे वाटील. पण पुढच्या वर्षी विकावयास फर्निचर राहिलेले नसेल, आणि नफा कोठे गेला हे मालकाला कळणार नाही. रक्कम खरी होती, बेरीजही बरोबर होती; चूक एवढीच की खाते चुकले. माझे आजचे सांगणे एका वाक्यात हेच आहे. निसर्गाकडून जे आपण घेतो त्याची नोंद आपण कोणत्या खाती करतो यावर आपण श्रीमंत होतो आहोत की दिवाळखोर, हे ठरते. वर्गीकरण हा पंडितांचा खेळ नव्हे. ती जमाखर्चाची पहिली पायरी आहे.

प्रथम मूळ शब्दच तपासू. ‘साधनसंपत्ती’ म्हणजे काय? निसर्गात जे जे आहे ते सर्व साधन आहे काय? आपल्या कोकणातला जांभा घ्या. तो लाल, सच्छिद्र दगड शतकानुशतके कोकणी माणसाच्या उपयोगी पडत आला. खाणीतून चिरे काढावेत, घर बांधावे, विहिरीचे बांधकाम करावे. एवढाच त्याचा उपयोग. याच जांभ्याच्या सड्यांत आणि सह्याद्रीच्या माथ्यावर, कोल्हापूर-रत्नागिरीच्या बाजूला, बॉक्साइट सापडते. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम होते. परंतु १८८६ पूर्वी ते होत नव्हते असेच म्हटले पाहिजे, कारण होत होते ते इतक्या खर्चाने की ॲल्युमिनियम ही मौल्यवान धातू समजली जाई. १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा एक छोटा कळस बसविला, तो त्याच्या दुर्मिळतेच्या मानाने. दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न विचारता, विजेच्या साहाय्याने ही धातू वेगळी करण्याची एकच रीत शोधून काढली. आणि पुढे ती कळसावरून उतरून आपल्या स्वयंपाकघरात आली. दगड तोच होता, सडाही तोच होता. बदलला तो माणूस.

एरिक झिमरमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३३ साली हा विचार मोठ्या ग्रंथात मांडला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की, साधन म्हणून निसर्गात काही तयार पडलेले नसते. माणसाची गरज, त्याचे ज्ञान आणि त्याची समाजव्यवस्था यांचा स्पर्श झाला म्हणजे वस्तूची साधनसंपत्ती बनते. हे उलट दिशेनेही खरे आहे. स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज पंडिताने १८६५ साली कोळशावर पुस्तक लिहून आपल्या देशबांधवांना इशारा दिला होता, की इंग्लंडचे वैभव कोळशावर उभे आहे आणि कोळसा असाच स्वस्त मिळत राहणार नाही. पुढे काय झाले? इंग्लंडमध्ये १८८२ साली लंडनला कोळशावर सार्वजनिक वीज सुरू झाली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशातले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. त्या देशाच्या जमिनीखालचा कोळसा संपलेला नव्हता. संपली ती त्याची साधन म्हणून असलेली किंमत. म्हणजे साधने जन्मतात तशी निवृत्तही होतात.

आता वर्गीकरणाची दुसरी पायरी. साधन आहे हे ठरले. पण ते किती आहे? येथे एक गोष्ट मी आपणांस मुद्दाम सांगू इच्छितो, कारण वर्तमानपत्रांतून या बाबतीत फार गोंधळ होतो. ‘अमुक ठिकाणी इतके कोटी टन साठा सापडला’ अशी बातमी येते आणि आपण मनातल्या मनात वाटणी सुरू करतो. शेतकऱ्याच्या घरातले धान्य पाहा. उभ्या पिकाचा नजरअंदाज हे एक धान्य. खळ्यावर मळून पडलेली रास हे दुसरे. आणि कणगीत भरलेले, आजच्या आज दळता येईल असे धान्य हे तिसरे. तिन्हींना आपण ज्वारीच म्हणतो. पण सावकार मात्र तिन्हींवर सारखे कर्ज देणार नाही. खनिजांचेही तसेच आहे. अमेरिकेच्या भूगर्भ खात्यातील व्हिन्सेंट मॅकेल्वी यांनी १९७२ च्या सुमारास यासाठी एक चौकट रूढ केली. तिची एक बाजू विचारते, हे जमिनीखाली आहे याची खात्री किती? दुसरी बाजू विचारते, ते काढणे आजच्या दरात परवडते का? दोन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळेल तेवढाच खरा उपलब्ध साठा. बाकीचे सारे अनुमान किंवा आशा. संयुक्त राष्ट्रांनीही पुढे याच धर्तीची वर्गवारी स्वीकारली.

आपल्या देशाचा आकडा देतो. १ एप्रिल २०२२ च्या गणनेप्रमाणे भारतातील कोळसा सुमारे ३६,१०० कोटी टन. २०२४-२५ या वर्षी देशाने १०० कोटी टनांहून थोडा अधिक कोळसा काढला. मुलाला गणित घातले तर तो चटकन सांगेल, साडेतीनशे वर्षे चिंता नाही! परंतु त्या ३६,१०० कोटींपैकी पुरेशी भोके घेऊन खात्री झालेला कोळसा साधारण निम्मा. त्यातलाही काही फार खोल, काही जंगलाखाली, काही वस्तीखाली. शिवाय दरसाल काढला जाणारा कोळसा वाढतो आहे. उभ्या पिकाचा अंदाज कणगीत धरून आपण लग्नाची बैठक ठरवू लागलो, तर पंगतीच्या दिवशी काय होईल ते सांगावयास नको.

याच्या उलट बाजूला केरळच्या किनाऱ्यावरची वाळू आहे. तिच्यात मोनाझाइट आहे, मोनाझाइटमध्ये थोरियम आहे. डॉ. होमी भाभांनी १९५० च्या दशकातच आपल्या अणुशक्तीच्या त्रिस्तरीय योजनेत त्याला शेवटची, पण मोठी जागा दिली होती. वस्तू आहे, खात्रीने आहे. ती मोठ्या प्रमाणावर वापरण्याची व्यवस्था मात्र अजून उभी व्हावयाची आहे. म्हणून तिला ‘साठा’ म्हणावे, ‘उपलब्ध साधन’ म्हणू नये. चंद्रपूरचा कोळसा, भंडारा-नागपूरचे मँगनीज यांना मात्र ती पदवी केव्हाच मिळाली आहे.

येथवर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो तिसऱ्या पायरीवर, त्या शाळेतल्या तक्त्यापाशी. एक रकाना संपणाऱ्या वस्तूंचा, दुसरा न संपणाऱ्या वस्तूंचा. सूर्यप्रकाश, वारा, भरती-ओहोटी ही खरोखर न संपणारी. आज आपण कितीही ऊन वापरले तरी उद्याचे ऊन त्यामुळे कमी होत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात म्हणून वारा थकत नाही. कोळसा, लोखंड, तेल ही खरोखर संपणारी. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील झाडे पुन्हा आपल्यासाठी गाडली जाणार नाहीत. परंतु यांच्या मधोमध एक तिसरा वर्ग आहे, आणि आपले खेडे व शहर दोन्ही जगतात ते मुख्यतः याच तिसऱ्या वर्गावर. मासे, जंगल, गवत, माती, विहिरीचे पाणी. ही पुन्हा भरून येतात; पण अट पाळली तर. पुस्तकात यांना ‘पुनर्निर्मितिक्षम’ म्हणतात आणि आपण त्या लांबलचक शब्दाचा अर्थ ‘न संपणारे’ असा करून मोकळे होतो. हीच ती कारकुनाची चूक.

शेतकरी कुटुंबातील वडील माणसांना विचारा. कितीही ओढगस्त असली तरी घरात एका मडक्याला हात लावावयाचा नाही, असा दंडक असे. ते बियाण्याचे मडके. त्यातले धान्य दळले तर त्या दिवशी भाकरी मिळते आणि ती इतर भाकरीसारखीच लागते. जिभेला फरक कळत नाही. फरक कळतो तो मृगाचा पाऊस पडल्यावर. माशांचेही असेच बियाण्याचे मडके असते. आपल्या कोळी बांधवांचा रिवाज होता, की पावसाळ्यात होड्या वर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात उतरावयाचे. समुद्र खवळलेला असतो हे तर खरेच. पण त्याच दिवसांत पुष्कळ माशांची वीण होते हेही तितकेच खरे. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी सरकारी हुकमाने असते. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राने ‘राज्यमासा’ म्हणून गौरविले. तो गौरव का करावा लागला? तळहाताएवढी पिले बाजारात येऊ लागली म्हणून! ज्या पिलांनी एकदाही अंडी घातलेली नाहीत ती ताटात येणे, म्हणजे बियाण्याचे मडके दळणे होय.

आता मी माझ्या खऱ्या विषयाकडे वळतो. अध्यक्षांच्या टेबलावर हा पाण्याचा तांब्या ठेवला आहे. या पाण्याचे खाते कोणते?

महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि ही भूमी घडली. गंगेच्या मैदानात खोलवर वाळू आणि गाळ आहे. तेथे पाणी स्पंजात राहावे तसे राहते. आपला पाषाण स्पंज नव्हे. पाणी राहते ते वरच्या मुरमात, सांध्यांत, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या पोकळ भागांत. शंभर घनफूट खडकातून दोन-तीन घनफूट पाणी मिळाले तरी पुष्कळ. पाऊस पडला की वरचा मुरूम भरतो, विहिरींना झरे फुटतात, माघ-फाल्गुनात ते मंदावतात. ही आपली जुनी विहीर. तिची खोली तीस-चाळीस हात. ती दरसाल भरे आणि दरसाल रिती होई. ती उत्पन्नाच्या खात्यावर चाले. व्याज खावे, मुद्दल शाबूत ठेवावे, हा धर्म तिने स्वतःहून पाळला होता. कारण मोटेला त्याहून खाली हातच पोचत नव्हता.

आमच्या गावी अशीच एक विहीर होती. दोन मोटा चालत. वीज आली, मोटा गेल्या, पंप आला. एका दुष्काळी वर्षी विहिरीने तळ दाखविला, तेव्हा आमच्या चुलत्यांनी पाणाड्या बोलाविला. त्याने तळहातावर नारळ धरून शेत पालथे घातले, एका ठिकाणी नारळ उभा राहिला, आणि तेथे बोअर घेतली. दोनशे फुटांवर पाणी लागले. सगळ्या गावाने गूळ खाल्ला. आठ वर्षांनी तीच बोअर चारशे फूट करावी लागली. नंतर शेजारी दुसरी घेतली, ती सहाशे फूट. त्या वेळी मी सुटीवर गेलो होतो. यंत्रातून नुसती करडी धूळ उडत होती. मी विचारले, “अण्णा, आणखी किती खोल जायचं?” ते म्हणाले, “पाणी लागेपर्यंत.” त्या उत्तरात त्यांचे काहीच चुकले नव्हते. डाळिंबाची बाग डोळ्यांदेखत वाळत होती, कर्ज डोक्यावर होते, आणि शेजारच्या शेतात सातशे फूट गेलेल्या माणसाला पाणी लागले होते. परंतु त्या संध्याकाळी मला जे उमगले ते असे. दोनशे फुटांखालचे पाणी आणि चाळीस हातांवरचे पाणी यांत रंगाचा, चवीचा काही फरक नव्हता. एक मात्र गेल्या वर्षीच्या पावसाचे होते, आणि दुसरे भेगाभेगांतून फार दिवसांत, कित्येकदा पिढ्यान्‌पिढ्या झिरपत तेथे पोचले होते. पहिले व्याज, दुसरे मुद्दल. आम्ही दोन्ही एकाच पाटात सोडीत होतो आणि एकाच खाती मांडीत होतो. ती बाग पुढे गेली. विहीर आजही आहे. तीत पाणी नाही, पारवे आहेत.

हा एका घराचा हिशेब नाही. म्हातारी माणसे सांगतात की १९७२ च्या दुष्काळात धान्य नव्हते, पण विहीर थोडी खोल केली की पिण्यापुरते पाणी लागे. त्या दुष्काळातच बोअरची यंत्रे मोठ्या प्रमाणावर गावोगाव आली. ती तहान भागविण्यासाठी आली, आणि ते पुण्यच होते. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. कृष्णेचे पाणी रुळावरून साडेतीनशे किलोमीटर गेले. त्या वेळी लातुरात धान्य होते, पैसाही होता. नव्हते ते पाणी.

सरकार भूजलाची वर्गवारी करते. भूगर्भात भरणाऱ्या पाण्यापैकी काढण्याजोगे किती आणि उपसा किती, याची टक्केवारी काढून तालुक्यांना किंवा पाणलोटांना नावे देतात : सत्तर टक्क्यांपर्यंत सुरक्षित, नव्वदपर्यंत अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, शंभराच्या पुढे अतिशोषित. २०२३ च्या गणनेत देशात दरसाल काढण्याजोगे पाणी सुमारे ४०७ अब्ज घनमीटर आणि उपसा २४१ अब्ज घनमीटर, म्हणजे ५९ टक्के निघाला. एकूण देश सुरक्षित! पण सरासरीवर विसंबून नदी ओलांडणाऱ्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. त्याच गणनेत पंजाब, हरियाणा आणि राजस्थान ही राज्ये शंभराच्या पुष्कळ वर आहेत. शंभराच्या वर याचा अर्थ काय? जेवढे भरते त्याहून अधिक काढणे. म्हणजे ज्याला आपण पुन्हा भरून येणारे म्हणतो ते पाणी तेथे कोळशासारखे खणले जात आहे. तक्त्यात रकाना एक, व्यवहारात दुसरा.

येथे कोणी सुज्ञ श्रोता मला अडवील आणि म्हणेल, ‘अहो, आपणच जांभ्याची गोष्ट सांगितलीत. माणूस नवी साधने निर्माण करतो. मग ही रडकथा कशाला?’ आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या मागे मोठी नावेही आहेत. १९८० साली अमेरिकेत पॉल एर्लिख हे जीवशास्त्रज्ञ आणि ज्युलियन सायमन हे अर्थशास्त्रज्ञ यांच्यात पैज लागली. तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातू दहा वर्षांत महागतील, असे एर्लिख म्हणाले. सायमन म्हणाले स्वस्त होतील. १९९० साली महागाई वजा करून हिशेब केला तेव्हा पाचही धातू स्वस्त झाल्या होत्या आणि एर्लिख यांनी मुकाट्याने धनादेश पाठविला. काहींनी पुढे दाखविले की दशक दुसरे निवडले असते तर निकाल उलटा लागता. परंतु सायमन यांच्या मुद्द्यात तथ्य आहे हे मी मानतो. तांबे महाग झाले की माणूस दुसरी तार शोधतो, जुने तांबे पुन्हा वितळवतो. मात्र हा मुद्दा कोठे लागू पडतो हे पाहा. जेथे एका वस्तूची जागा दुसरी घेऊ शकते, जेथे बाजारभाव वेळेवर ओरडून सांगतो, तेथे. विहिरीच्या पाण्याला बाजारभाव नाही. ते कमी झाले की ओरडून कोणी सांगत नाही, फक्त पंप हवा ओढू लागतो. आणि वांग्याच्या रोपाला पाण्याऐवजी दुसरे काय घालावे, याचा शोध लागलेला नाही.

वर्गीकरणाचा आणखी एक पैलू सांगतो, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. वस्तू कोणत्या नावाखाली मोडते यावरून ती कोणाची, हेही ठरते. बांबू हे झाड की गवत? वनस्पतिशास्त्र सांगते, गवत. ऊस आणि ज्वारी यांचा हा थोरला भाऊ. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला होता. एवढ्या एका शब्दाचा परिणाम असा, की जंगलाच्या कडेला जन्म काढणाऱ्या बुरुडाला आणि आदिवासीला बांबू तोडणे-विकणे म्हणजे लाकूड चोरणे ठरे; कागद गिरण्यांना मात्र तो ठेक्याने मिळे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ साली केंद्राने मूळ कायद्यातूनही, वनाबाहेरच्या जमिनीपुरता, बांबू वृक्षांच्या यादीतून काढला. नव्वद वर्षांनी गवताला गवत म्हटले गेले! या नव्वद वर्षांत बांबूचे एक पानही बदलले नव्हते.

दुसरे उदाहरण वाळूचे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने साध्या वाळूला ‘गौण खनिज’ म्हटले. गौण म्हणजे दुय्यम. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२२ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जग दरसाल ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरते. एवढी दुसरी कोणतीही घन वस्तू माणूस जमिनीतून काढीत नाही. आणि वाळवंटातली वाळू वाऱ्याने गोटीसारखी गुळगुळीत झालेली असल्यामुळे काँक्रीटला चालत नाही. पाहिजे ती नदीचीच. नदीची वाळू पुराबरोबर पुन्हा येते खरी, पण वर धरण बांधले की ती धरणात अडते. शिवाय नदीच्या पात्रातली वाळू काठच्या विहिरींचे पाणी धरून ठेवते. म्हणजे एका ट्रकमधून आपण दगडाचे कण नेतो आणि काठच्या गावाचे पाणीही नेतो. १९५७ च्या कायद्यात नाव मात्र ‘गौण’! म्हणूनच २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, क्षेत्र लहान असले तरी गौण खनिजाच्या खाणीलाही पर्यावरणाची परवानगी लागेल.

आणि भूजल? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी, वाहत्या प्रवाहात नसेल तर, जमीनमालकाच्या हक्कातले मानले. मोटेच्या काळात त्यात अन्याय फारसा नव्हता. पण पाणी सातबारा वाचत नाही. माझ्या सहाशे फुटांच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते, तेव्हा मी माझे पाणी काढले की त्याचे? महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरांहून खोल विहिरींचा वेगळा विचार केला आहे. कायदा आला हे उत्तम झाले. पण प्रत्येक बांधावर पोलीस उभा करता येत नाही.

मग मार्ग काय? मार्ग आपल्याच भूमीत आहेत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शतकांपासून चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणी पाटकऱ्याने सर्वांना पाळीने द्यावयाचे. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे क्षेत्र सर्वांनी मिळून कमी करावयाचे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर डोंगरउतारावर चर आणि बंधारे केले, तेवढ्यावर ते गाव थांबले नाही. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही आणि ऊस-केळी लावावयाची नाही, असा निर्बंध त्याने स्वतःवर घालून घेतला. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात, आणि उरेल त्यावर रब्बीचे पीक ठरते. पाणी अडविणारी गावे पुष्कळ आहेत. पाणी मोजून खाते लावणारी थोडी आहेत. श्रीमती एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते जगभरच्या अशाच सामाईक संपत्तीच्या अभ्यासाबद्दल. सामाईक वस्तूचा नाश अटळ नाही. वापरणारे लोक एकत्र बसून नियम करू शकतात आणि पाळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आपण म्हणाल, हे सारे खेड्याचे झाले. आम्ही गावातली माणसे, आमचा काय संबंध? संबंध असा, की आपल्या नव्या इमारतीच्या प्रत्येक स्लॅबमध्ये कोणत्या तरी नदीचे पात्र आहे, आणि पाठीमागे एक बोअरही आहे. ती किती फूट आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? उत्तर ऐकण्याची मला इच्छा नाही; ते आपण घरी जाऊन स्वतःला द्यावे. माझी विनंती एवढीच, की कोणत्याही नैसर्गिक वस्तूविषयी चार प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. हिचा खात्रीचा साठा किती आणि अंदाज किती? ती भरून येते का, आणि किती दिवसांत? तिची जागा दुसरे काही घेऊ शकते का? आणि ती संपली तर कोणाची विहीर आटते? हे चार प्रश्न म्हणजेच वर्गीकरण.

आमचे अण्णा आता नाहीत. शेवटच्या दिवसांत ते त्या विहिरीच्या काठावर बसत. एकदा मला म्हणाले, “तुझ्या आजोबांनी ही भरलेली दिली, मी कोरडी देतोय.” त्या घरात हिशेब चोख ठेवीत, दुधाचा, मजुरीचा, खतांचा. पाण्याचे खातेच कधी उघडले गेले नव्हते. निदान आपण ते उघडावे आणि पुढच्या पिढीच्या हाती वही देताना तीत शिल्लक काय आहे, हे आपल्याला सांगता यावे, एवढी इच्छा प्रकट करतो.